किल्ली सासूबाईंच्या हातात द्या

'ताई, आम्ही नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला राहतो. सासूबाई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्या आहेत. वय 72. पंचवीस वर्षं लूनावरून बँकेत जाऊन नोकरी केलेली बाई, पण आता दोन्ही गुडघे झिजलेत. घरात, बागेत फिरतात. अर्ध्या तासाच्या वर चाललं की रात्री पाय शेकत बसावं लागतं. 27 ते 30 डिसेंबर आम्ही दोघं, मुलं आणि त्या, असे ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्डला जातोय. नवऱ्याची पाठ स्लिप डिस्कने आधीच धरलेली. म्हणून मी सुचवलं की तुमच्यासाठी व्हीलचेअर नाहीतर ती बॅटरीवर चालणारी, बसायला खुर्ची असलेली तीन-चार चाकांची स्कूटर घेऊ. त्या दोन दिवस बोलल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मी हॉटेलवर बसते, तुम्ही फिरून या." गंमत म्हणजे येताना मुंबई विमानतळावर त्यांनी स्वतःहून व्हीलचेअर मागून घेतली होती! नवरा म्हणतो, आईला चालता येतं, मग खुर्ची घेणं ही फसवणूक नाही का? मैत्रीण म्हणते, घ्याच, सगळ्या रांगा चुकतात. नक्की काय घेऊ, आणि त्यांना समजावू कसं?
— एक सून'

प्रिय सूनबाई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही 'गंमत म्हणजे' म्हणून एका वाक्यात उरकली आहे. मुंबईला ज्या बाईंनी आपणहून खुर्ची मागितली, त्याच बाई ऑर्लँडोच्या खुर्चीचं नाव काढताच अबोला धरतात. गुडघे तर तेच आहेत. मग बदललं काय?

विमानतळावरची खुर्ची ही आपल्या आईवडिलांच्या पिढीने शोधून काढलेली युक्ती आहे, हे आपण सगळे जाणतो. ती पायांसाठी कमी आणि इंग्रजीसाठी जास्त असते. इमिग्रेशनचा साहेब काय विचारेल, पुढचं विमान कुठल्या गेटला लागेल, ही सगळी काळजी खुर्ची ढकलणाऱ्या माणसाच्या गळ्यात घालायची आणि आपण निवांत बसायचं. शेजारी अजून आठ-दहा आज्या तशाच रांगेने बसलेल्या असतात, ओळखीचं कोणी नसतं, आणि मुख्य म्हणजे मागणी त्यांची स्वतःची असते. ऑर्लँडोला मात्र खुर्ची तुम्ही सुचवलीत. नातवंडांच्या देखत त्यात बसायचं, प्रत्येक फोटोत ती येणार, आणि ते फोटो संध्याकाळपर्यंत पुण्यातल्या भिशीच्या ग्रुपवर पोचणार. ही खुर्ची म्हणजे म्हातारपणाची जाहीर नोटीस, असं त्यांना वाटलं तर मी त्यांना दोष देणार नाही.

तेव्हा त्यांच्याशी गुडघ्यांवरून वाद घालू नका. गुडघ्यांचं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. खुर्ची कोणाच्या हुकमतीत असणार, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याला द्यायचंय. ते शेवटी सांगते. आधी तुमच्या घरातल्या दोन गैरसमजांचं पाहू.

पहिला नवऱ्याचा. चालता येणं हे 'हो' किंवा 'नाही' असं नसतं हो. अर्धा तास चालता येतं आणि आठ तास चालता येत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच बाईबद्दल खऱ्या असतात. डिस्ने वर्ल्ड म्हणजे चार वेगवेगळे पार्क. त्यातल्या एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत. ती नुसती फेरीच जवळजवळ दोन किलोमीटरची. आत शिरणं, बाहेर येणं, उभं राहणं वेगळं. ॲनिमल किंगडमचे रस्ते मुद्दाम ओबडधोबड ठेवलेत, चढउतारही आहेत. धडधाकट माणूससुद्धा अशा पार्कात दिवसाला दहा-बारा किलोमीटर सहज चालतो आणि रात्री पाय वर करून पडतो. सासूबाई लक्ष्मी रोडवरून पिशव्या घेऊन रिक्षाने घरी येतात तेव्हा पाय नाहीत म्हणून रिक्षा करतात का? ही तशीच रिक्षा आहे. शिवाय 'तिकडे येत नाही' म्हणायची नाही.

भाड्याने घेताना कोणी डॉक्टरची चिठ्ठी मागत नाही. अमेरिकेत 1990 च्या अपंगत्वविषयक कायद्यामुळे व्हीलचेअरवरच्या माणसाला 'तुम्हाला झालंय तरी काय' असं कर्मचाऱ्यांनी विचारायचंही नसतं. कर्मचारी विचारणार नाहीत. इतर लोक मात्र बघतात. काही वर्षांपूर्वी माझा घोटा मोडला होता तेव्हा एका पार्कात मी स्कूटरवरून उतरून दोन पावलं चालत बाकावर बसले, तर मागचे एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "बघ, चमत्कार झाला." मला त्यांना प्लास्टर दाखवावंसं वाटलं होतं. दाखवलं नाही, आइस्क्रीम संपवलं. सासूबाईंना इंग्रजी टोमणे फारसे कळत नसतील तर या एका बाबतीत तो फायदाच समजा.

दुसरा गैरसमज मैत्रिणीचा. आपल्याकडे बऱ्याच मोठ्या देवळांत ज्येष्ठ नागरिकांची वेगळी रांग असते, त्यामुळे 'खुर्ची म्हणजे थेट दर्शन' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. डिस्नेत तसं नाही. बहुतेक राइडच्या रांगा खुर्ची आणि स्कूटर आत नेता येईल अशाच बांधलेल्या आहेत. सासूबाई स्कूटरवर बसून तुमच्याच रांगेत, तुमच्याइतकाच वेळ थांबणार. मॅजिक किंगडम 1971 चं, म्हणजे चौघांतलं सगळ्यात जुनं. तिथल्या काही जुन्या रांगा अरुंद आहेत, तिथे वेगळं दार असतं. पण तिथेही साधारण रांगेला जेवढा वेळ लागतोय तेवढ्या वेळाने या, असं सांगतात. वाट पाहावी लागतेच.

एकेकाळी यात पळवाटा होत्या. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने बातमी दिली होती की काही श्रीमंत कुटुंबं रांगा चुकवण्यासाठी अपंग व्यक्तींना तासाच्या हिशोबाने 'गाइड' म्हणून सोबत नेतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात डिस्नेने अपंगांसाठीची जुनी कार्डपद्धत बंद करून, रांगेबाहेर थांबून दिलेल्या वेळी परत यायची नवी सवलत आणली. ती सवलतसुद्धा 2024 मध्ये आणखी आवळली. आता ती मुख्यतः ऑटिझम किंवा तशा प्रकारच्या विकासात्मक अडचणींमुळे ज्यांना नेहमीच्या रांगेत फार वेळ थांबता येत नाही त्यांच्यासाठी आहे. गुडघेदुखीला उत्तर म्हणून ते खुर्ची किंवा स्कूटरच सुचवतात. खोटं सांगून सवलत मिळवली तर पार्कात यायची बंदीही होऊ शकते. मैत्रिणीला हे कळवा, नाहीतर एखाद्या दिवशी तिच्यावरही बंदी येईल.

आता काय घ्यायचं ते.

हाताने ढकलायची व्हीलचेअर स्वस्त असते. पार्काच्या दारात दिवसाला दहा-पंधरा डॉलरच्या घरात मिळते. स्कूटरचं भाडं त्याच्या चार-पाच पट. पण खुर्चीची खरी किंमत ढकलणारा मोजतो. माणसाचं वजन अधिक खुर्चीचं वजन, आठ तास, चढावर ढकलत आणि उतारावर ओढून धरत. तुमच्या नवऱ्याच्या पाठीला हे झेपणार नाही, आणि मुलगा कण्हतोय हे ऐकू आलं की सासूबाई दहाव्या मिनिटाला उठून चालायला लागतील. आया तशाच असतात. तुम्ही ढकलाल म्हणाल, तर मग मुलांमागे कोण धावणार? तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या घराला स्कूटर.

ती कुठून घ्यायची? पार्काच्या दारात घेतलेली स्कूटर पार्काबाहेर नेता येत नाही. मॅजिक किंगडमला तर गाडी लावायची तळ्याच्या अलीकडे आणि पार्क तळ्याच्या पलीकडे. मोनोरेलने किंवा बोटीने जावं लागतं. म्हणजे ज्या अंतरासाठी स्कूटर हवी त्यातलं बरंच अंतर ती मिळायच्या आधीच चालून झालेलं असतं. शिवाय तिथे आधी बुकिंग नसतं, जो आधी येईल त्याला. नाताळच्या आठवड्यात अकरा वाजता पोचून स्कूटर मिळण्याची आशा धरू नका.

म्हणून बाहेरच्या कंपनीकडून चार दिवसांसाठी घ्या. ते हॉटेलवर आणून देतात. रात्री खोलीत चार्जिंगला लावायची. बुकिंग आजच करा, त्या आठवड्यात अख्खी अमेरिका तिथे असते. फोन करताना एवढं विचारा: चार चाकी आहे का तीन चाकी? तीन चाकी कमी जागेत वळते, पण उतारावर जोरात वळवली तर कलंडू शकते. नवख्या माणसाला चार चाकीच बरी. एका चार्जमध्ये दिवस निघतो का? पुढे टोपली आहे का? डिस्नेच्या नियमाप्रमाणे वाहन एकाच माणसाचं असावं लागतं, आणि रुंदी 36 इंच, लांबी 52 इंच यापेक्षा जास्त चालत नाही. भाड्याच्या नेहमीच्या स्कूटर यात आरामात बसतात.

हॉटेल डिस्नेचं असेल तर त्यांच्या बसला रॅम्प असतो आणि स्कूटरवाल्यांना ड्रायव्हर आधी चढवतो. मोनोरेलला कर्मचारी फळी टाकतात. स्कायलायनर नावाची हवेतून जाणारी केबिन आहे, तिच्या स्टेशनवर अशा प्रवाशांसाठी केबिन पूर्ण थांबवायची सोय आहे. हॉटेल बाहेरचं असेल आणि रोज तुमच्या गाडीने जाणार असाल, तर भाग सुटे होणारी हलकी स्कूटर मागा. सुटी केल्यावरही सगळ्यात जड भाग पंधरा किलोच्या आसपास असतो. तो डिकीत कोण उचलून ठेवणार हे घरीच ठरवा. स्लिप डिस्कवाल्याने नाही.

आता चालवण्याचं. इथे सासूबाईंचा अनुभव उपयोगी आहे आणि घातकही आहे. पंचवीस वर्षं पुण्याच्या वाहतुकीत लूना हाकलेल्या बाईला अंदाज, नजर, धीटपणा हे शिकवायला नको. पण हात जुन्या सवयीचे आहेत. लूनाला मूठ पिळली की गाडी पुढे जाते आणि पुढचा दांडा दाबला की ब्रेक लागतो. या बहुतेक स्कूटरना उलटं आहे: मुठीजवळचा दांडा दाबला की ती चालते, सोडला की आपोआप ब्रेक लागून थांबते. वेगळा ब्रेक शोधायचाच नसतो. समोर अचानक पोर आलं की लूनावाली बाई काय करेल? घाबरून दांडा आवळेल. आणि स्कूटर थेट त्या पोरावर जाईल. गर्दीतले बरेचसे धक्के असेच लागतात. मी स्वतः पहिल्या दिवशी फुग्यांच्या गाड्याला अशीच जाऊन भिडले होते. म्हणून एकच गोष्ट शंभरदा घोकून घ्या: 'घाबरलात की हात सोडा.' तोंडाने नाही, हाताने घोकायचं. कोणीतरी टाळी वाजवायची आणि त्यांनी हात सोडायचा.

वेगासाठी एक गोल बटण असतं, एका टोकाला कासवाचं चित्र आणि दुसऱ्या टोकाला सशाचं. गर्दीत, उतारावर, दुकानात, बसमध्ये चढताना कासव. ससा फक्त सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर. ही गोष्ट त्यांना समजावून सांगायची गरज पडणार नाही, त्यांनीच तुमच्या नवऱ्याला लहानपणी सांगितली असेल. आणि मागच्या चाकांपाशी एक खिट्टी असते, ती सोडली की स्कूटर हाताने ढकलता येते पण ब्रेक लागत नाही. तिला मुलांना हात लावू देऊ नका.

गर्दीतली मुख्य अडचण चालवणाऱ्यापेक्षा चालणाऱ्यांची असते. स्कूटरवर बसलेला माणूस इतरांच्या कमरेच्या उंचीवर येतो, म्हणून दिसत नाही. लोक फोनमध्ये बघत चालतात, मध्येच थांबतात, आणि स्कूटरने पुढे सुरक्षित अंतर ठेवलं की कोणीतरी नेमका त्याच जागेत घुसतो. हॉर्न वाजवून उपयोग होत नाही, लोक उलट दचकून थबकतात. उपाय साधा आहे: घरचा एक मोठा माणूस दोन पावलं पुढे चालेल, सासूबाई त्याच्या पाठीकडे बघत येतील. दुसरा मोठा माणूस मुलांना घेऊन बाजूला, कधीही स्कूटरच्या थेट पुढे नाही. मॅजिक किंगडमच्या मुख्य रस्त्यावर घोडागाडीच्या ट्रामचे रूळ आहेत. रुळांना समांतर जाताना पुढची चाकं खाचेत अडकू शकतात, तेव्हा ते नेहमी काटकोनात ओलांडायचे. पुण्यातली माणसं खड्डे ओळखतात, रूळ नाही.

आतिषबाजी संपल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास मात्र माझ्या मते स्कूटरसाठी बंदच समजा. हजारो माणसं एकाच रस्त्याने अंधारात दाराकडे निघतात, कडेवर झोपलेली मुलं, बाबागाड्या. एकतर शेवटच्या दहा मिनिटांआधी निघा, नाहीतर दुकानाच्या वळचणीला बसून कॉफी घ्या आणि गर्दी ओसरू द्या. मी दुसरं सुचवेन. सासूबाईंना रोषणाई बघायची असेल, आणि बसून शांतपणे बघितलेली रोषणाई लक्षात राहते.

राइडपाशी काय होतं ते आधी माहीत असू द्या, म्हणजे ऐनवेळी गोंधळ नाही. काही ठिकाणी स्कूटरसकट आत जाता येतं, उदाहरणार्थ नाट्यगृहासारखे बरेच कार्यक्रम. काही ठिकाणी स्कूटर चालत नाही, पण साधी व्हीलचेअर चालते; 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'च्या बोटींत अशी सोय आहे. आणि काही ठिकाणी उठून स्वतः आत बसावं लागतं. कर्मचारी माणसाला उचलून ठेवत नाहीत, तो नियमच आहे. सासूबाई चार पावलं चालू शकतात, त्यामुळे त्यांना जवळजवळ सगळं खुलं आहे. दाराशी स्कूटर ठेवायची, किल्ली काढून पर्समध्ये, आणि हात धरून आत. 'हाँटेड मॅन्शन'सारख्या ठिकाणी सरकत्या पट्ट्यावरून चालत्या गाडीत बसायचं असतं. पट्ट्याची भीती वाटत असेल तर आधीच सांगायचं, ते वेग कमी करतात किंवा थांबवतात. मागायला लाजू नका.

बागेत फिरतात म्हणता, तर एपकॉटमधली 'लिव्हिंग विथ द लँड' चुकवू नका. संथ बोट, काचेच्या शेतघरांतून जाणारी, मातीशिवाय वाढवलेली टोमॅटो-वांगी बघत. गुडघ्यांना हादरा नाही. माझी मावशी तिथून बाहेर आल्याआल्या 'परत एकदा' म्हणाली होती. बाकी सगळ्या डिस्नेत तिला तेवढंच पटलं.

आता ज्या गोष्टी कुठल्याही इंग्रजी माहितीपत्रकात सापडणार नाहीत त्या. साडी नेसणार असतील तर पदर खोचलेला, ओढणी असेल तर गाठ मारलेली. चाकात ओढणी गेली की क्षणात गळ्यापर्यंत ताण येतो. डिसेंबरात फ्लोरिडात दुपारी छान उबदार असतं, पण सकाळ-संध्याकाळ गारवा असतो, आणि चालणाऱ्याला घाम येत असताना बसलेल्याला थंडी वाजते. तुम्हाला कळणारही नाही. शाल द्या, पण शालीचीही टोकं आत. पाऊस आला तर मुठीजवळच्या बटणांवर घालायला अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी ठेवा, ती बऱ्याच हॉटेलांत फुकट मिळते. आणि स्कूटर मिळाली म्हणून दिवसभर बसून राहायचं नाही. तासाभराने उतरून पाच मिनिटं पाय मोकळे केले नाहीत तर गुडघे आखडून संध्याकाळी दुप्पट दुखतील. काठी आणलीच असेल, ती टोपलीत राहू द्या. इन्सुलिनसारखं थंड ठेवायचं औषध असेल तर प्रत्येक पार्कात प्रथमोपचार केंद्र आहे, तिथे ठेवून घेतात. सोबतीचा माणूस आत येऊ शकेल अशी प्रशस्त स्वच्छतागृहंही आहेत, नकाशावर आधीच खूण करून ठेवा.

नातू आजीच्या मांडीवर बसायचा हट्ट धरेल. नाही म्हणा. नियमात बसत नाही, आणि त्याचा हात त्या दांड्यावर पडला तर काय होईल ते वर सांगितलंच.

एक कबुली देते. वडिलांना पहिल्यांदा खुर्चीवरून नेलं तेव्हा आम्ही चौघा भावंडांनी आपापल्या पिशव्या तिच्या मुठींना अडकवल्या. पाण्याच्या बाटल्या, जॅकेटं, खेळणी, सगळं. एका चढावर वडील पाणी प्यायला जरा मागे रेलले आणि खुर्ची मागे झुकली. मोठ्या भावाने पकडली म्हणून वाचलो. पण त्याहून वाईट गोष्ट मला नंतर फोटो बघताना दिसली. आम्ही राइडवर गेलो होतो तेव्हा त्यांना 'सावलीत' उभं केलं होतं. ती सावली एका भिंतीची होती आणि त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. वीस मिनिटं. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "उद्या मी खोलीवर थांबतो."

तुमच्या सासूबाईंचंही वाक्य हेच आहे, लक्षात आलं असेल. फरक एवढाच, की त्या ते आधीच बोलल्या.

म्हणून ठरवून घ्या: स्कूटरची टोपली त्यांची, पिशव्या ज्याच्या त्याच्या पाठीवर. काउंटरवरची मुलगी 'त्यांना काय हवंय' असं तुम्हाला विचारेल. तेव्हा 'त्यांनाच विचारा' म्हणा आणि हवं तर भाषांतर करा. त्या थांबणार असतील तिथे तोंड रस्त्याकडे, हातात फोन, आणि तुम्ही किती वेळात येणार ते खरं सांगून. चारही पार्क चार दिवसांत करायचा हट्ट सोडा. एक दिवस अर्धा ठेवा, दुपारी हॉटेलवर येऊन झोपा. नाताळच्या आठवड्यात दुपारी बारा ते चार पार्कात माणसांच्या पाठी बघण्याखेरीज फारसं काही होत नाही.

आणि आता समजावणं. 'आई, तुमच्या गुडघ्यांसाठी' ने सुरुवात करू नका. 'आई, तुमच्यामुळे आम्हाला उशीर होईल' तर स्वप्नातही नाही. मला वाटतं, समजावूच नका. त्यांना वॉलमार्टमध्ये घेऊन जा. तिथे दाराशी टोपली लावलेल्या बॅटरीच्या गाड्या ठेवलेल्या असतात, गिऱ्हाइकांसाठी, फुकट. चाळिशीतली बाई बसते, ऑपरेशन झालेला तरुण बसतो, नव्वदीचे आजोबा बसतात, आणि कोणी वळूनसुद्धा बघत नाही. हे त्यांनी डोळ्यांनी बघू दे. मग सहज म्हणा, "आई, ही लूनासारखी चालते का हो? दांडा दाबला की पळते म्हणे, मला तर भीती वाटते." तुम्ही आधी बसा, मुद्दाम जरा वेडीवाकडी चालवा. पंचवीस वर्षं गाडी चालवलेल्या बाईला दुसऱ्याने वाईट चालवलेली बघवत नाही.

बसल्या तर भाज्यांच्या बाजूच्या रुंद गल्लीतून दोन फेऱ्या, वळणं, मागे घेणं, आणि ते 'हात सोडा'. नाही बसल्या तर त्या दिवशी विषय संपला, पुढच्या आठवड्यात पुन्हा दूध आणायला जाताना. ऑर्लँडोला पोचल्यावर स्कूटरची किल्ली हॉटेलात ताब्यात घेताना तुम्ही घेऊ नका, मुलाने घेऊ नये. ती थेट त्यांच्या हातात जाऊ दे. तिला बांधायला घरून एक लाल गोंडा न्या, कारण दारापाशी एकसारख्या दिसणाऱ्या पंचवीस स्कूटर उभ्या असतात आणि स्कूटरलाही तसाच गोंडा बांधला तर आपली लांबून ओळखू येते.

एवढं करूनही त्या म्हणाल्या, 'मला नाही बसायचं', तर तेही मान्य करा. मग दिवसाला दोनच तास पार्क, बाकी हॉटेलच्या तळ्याकाठी त्यांच्याबरोबर आळीपाळीने एक जण. पण मला वाटत नाही तशी वेळ येईल.

वॉलमार्टला मंगळवारी सकाळी जा. शनिवारी नको. आणि नवऱ्याला घरी ठेवा. तो 'आई, जपून, आई, जपून' करत मागे येईल.